अंगठ्याचे ठिपके

कोर्टाच्या भिंतीलगत, लिंबाखाली
बत्तीस वर्षं रेमिंग्टन बडवला मी.
मग मशीन भंगारात गेलं, किलोच्या भावानं,
आणि पुतण्यानं जुना कॉम्प्युटर आणून दिला,
म्हणाला, काका, सगळं तेच आहे, फक्त शाई नाही.

सगळं तेच नव्हतं.

साखर पेठेतल्या पद्मावती मद्दूरनं
दोनशे बारा बायकांची यादी आणली,
विडी कारखान्यात फंड अडकलाय त्यांची.
नाव, कार्डाचा नंबर, किती वर्षं, सही किंवा अंगठा.
चार रकाने. एरवी अर्ध्या दिवसाचं काम.
एकेक रकाना मी स्पेस मारत मारत नेऊन उभा केला,
पडद्यावर कसे ओळीत, झेंडावंदनाला उभे राहिल्यासारखे;
प्रिंट काढली तर गड्ड्याच्या गर्दीत हात सुटल्यागत
नंबर एकीचा, वर्षं दुसरीची.

पार्क चौकातला क्लासवाला म्हणाला, शिकवतो की,
तीन महिने, अडीच हजार, वर सर्टिफिकेट.
या वयात सर्टिफिकेट कुठं टांगू?
मला फक्त रकाना सरळ पाहिजे होता.

रात्रीचे पावणेबारा. पंखा गरम हवाच फिरवत होता.
कीबोर्डशेजारी ताटली, कडक भाकरी, शेंगाचटणी.
नेटवर विचारून टाकलं,
कुणाला ते ठाऊक नाही,
उन्हाळ्यात गच्चीवरनं अंधारात हाक मारावी तसं:
"रकाने सरळ राहत नाहीत. म्हातारा आहे. सांगता काय."

भाकरी संपायच्या आत उत्तर.
"काका, वर पोट भरलेल्या प-सारखं एक चिन्ह आहे बघा.
ते दाबा. मग सांगते."

दाबलं.
आणि पांढऱ्या पानावर ठिपकेच ठिपके उगवले,
एकेका स्पेसचा एकेक,
कुणालाच न दिसलेले माझ्या अंगठ्याचे ठोके,
तंबाखूच्या चुऱ्यासारखे सांडलेले
नावा-नंबरांच्या मधल्या जागेत.
मला वाटायचं, मधे काही नसतं.
म्हणजे इतकी वर्षं मी काहीच-नाही टाइप करत आलो,
पानाला दीड रुपयापासून वीस रुपयांपर्यंत घेत.

"आता हे सगळे पुसा," तिनं लिहिलं,
"स्पेस नुसतं ढकलतं, धरून ठेवत नाही.
वरच्या पट्टीवर खूण करा, टॅब मारा,
अक्षर आपणहून तिथं जाऊन थांबेल."

टॅबची कळ रेमिंग्टनलाही होती. गंजलेली.
पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले होते,
तिला हात लावायचा नाही.
मी लावला नाही.

दीड वाजेपर्यंत चाललं. मधे लाइट गेली, आली,
ती होतीच.
मी लिहिलं, किती द्यायचे, नंबर पाठवा.
तिनं विचारलं, "झाले का सरळ?"
तेवढंच.
गाव सांगितलं नाही, आडनाव नाही.
'सांगतो' नाही, 'सांगते' लिहिलं होतं, एक काना कमी,
तेवढ्यावरनं बाई आहे हे कळलं.
आमच्याकडं नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं,
फुकट म्हटलं की आधी वास घेतो आम्ही.
मीपण थोडा वेळ घेतला. मग झोपलो.

सकाळी पद्मावती आली.
तिला मराठी अक्षर अडखळत लागतं,
तिनं वाचलं नाही, वरनं खाली बोट फिरवलं,
मागावरचा ताणा तपासावा तसं,
आणि म्हणाली, "बागुंदी."
दुपारपर्यंत बायका येत राहिल्या, उन्हातनं, पदर डोक्यावर,
निळ्या पॅडवर अंगठा, मग कागदावर,
चौथ्या रकान्यात, बरोबर मधे.

माझा अंगठा अजून स्पेसकडं जातो,
वाटेत आठवतं, थांबतो.

तिच्याकडनं पानाला पंधराच घेतले त्या दिवशी.
का, विचारू नका.