वाढ नाही

छत्तीस वर्षांनी एटेल्का पुन्हा त्याच बाकावर,
बुडापेस्टच्या इस्पितळात, कोट मांडीवर.

नऊ वर्षांची असताना
डोक्यातल्या पाणगाठीत
डॉक्टर शारोशींनी सुईने सोडला होता
किरणांचा एक थेंब.
थेंब महिनाभरात विझला.
डॉक्टर गेल्या मार्चमध्ये.

गाठ आता मनुक्याएवढी.
"वाढ नाही," तरुण डॉक्टरीण हसून सांगते.

वाढ नाहीच.
आईने दाराच्या चौकटीवर ओढलेली
शेवटची पेन्सिलरेघ
अजून तिच्या टाळूला टेकते.
कोट मुलांच्या दुकानातला.

निघताना नाकात फवारा मारते, नाहीतर
तहान घरापर्यंत पोचू देत नाही.

ट्राम डावीकडून येते.
कडेकडेचं तिला दिसत नाही,
म्हणून अख्खी मान वळवते
घंटा वाजण्याआधीच,
आणि पिवळा रंग पुरता डोळ्यांत येईपर्यंत
थांबते.