तिसरी पिन

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा.
बैठ्या खोलीवर चढवलेले दोन मजले.
फ्रिज चावतो, म्हणाल्या नलावडेबाई.
म्हणजे चावत नाही तसा, मुंग्या येतात,
आम्ही चप्पल घालूनच दूध काढतो.
किती वर्षं? विचारलं.
त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली,
मी आले तेव्हापासून चप्पल फ्रिजपाशीच असते.

टेस्टर दांडीला लावला.
बारीक लाल उजेड. हसल्यासारखा.

मेन पाडला. सॉकेटचे स्क्रू काढले,
एक गंजलेला, एक भलत्याच मापाचा,
आणि आत, झुरळांच्या अंड्यांमागे,
न्यूट्रलवरून तिसऱ्या पिनेवर नेलेला
बोटाएवढा काळा तुकडा.
तीन पीळ. टोक आत दुमडलेलं.

टोक आत दुमडणारा माणूस मला माहीत आहे.
शर्टाच्या बाह्याही तो तशाच दुमडायचा,
उसवलेला दोरा दिसू नये म्हणून.

आप्पा, तुम्ही इथे येऊन गेलात.
सत्त्याण्णव असेल. लूना दाराशी लावली असेल,
हँडलला वायरचं भेंडोळं.
मालक म्हणाला असेल, दोन वायरींत दिवा लागतो ना,
तिसरीला काय अर्थ?
आणि तुम्हाला संध्याकाळी वाण्याकडे जायचं होतं.
तीन भोकं, तिन्ही भरलेली,
वरून कुणाला काय कळतंय.

आयटीआयच्या सरांनी हेच फळ्यावर काढून
वर फुली मारली होती.
न्यूट्रल मागे कुठे तुटली
की फ्रिजचं सगळं अंग जिवंत होतं, म्हणाले.
जिवंत. मी वहीत लिहून घेतलं.
ते पान घरी दाखवलं नाही.

जुनं काम आहे, मी बाईंना म्हटलं.
कोण होता मेला?
मी पक्कड पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी मीटरपेटीखाली खड्डा घेतला.
कमरेइतक्यावर काळा चिखल लागला, खाडीच्या वासाचा.
पाइप उभा केला. कोळसा, मीठ, कोळसा, मीठ.
शेजारच्या गोमीबाय म्हात्रे काठीवर रेलून बघत होत्या.
"आमचे सासऱ्याचा मिठागर व्हता हितं.
मिठाचे जागेन मीठ इकत आनून पुरतंस, पोरी?"
मीठ विरत जातं, आजी.
उन्हाळ्यात बादलीभर पाणी घालायचं वरून.
"कोन घालनार?"
ह्याचं उत्तर सरांनी सांगितलं नव्हतं.

हिरवी वायर भिंतीतून वर ओढली,
दोनदा अडकली, साबण लावला.
तो तुकडा कापला.
फेज आणि जमीन, मध्ये बल्ब धरला:
भरून पेटला.
मग फ्रिजचा प्लग. तिसरी पिन मुद्दाम लांब करतात,
आत जाताना पहिली,
बाहेर पडताना शेवटची.

बिलावर लिहिलं: पाइप, वायर, मीठ-कोळसा, खड्ड्याची मजुरी.
त्याखाली: जुना जोड काढला. शून्य.
आकडा विसरलात, बाई म्हणाल्या.
नाही, म्हटलं.

निघताना सुनेला हाक मारली, आता लावा हात.
तिने लावला. अनवाणी उभी राहिली क्षणभर,
हसली,
आणि दूध काढायला वळताना
पायाने चप्पल ओढून घेतली.