पिचर म्हणजे घागर

खोत सरांनी फळ्यावर लिहिलं : पिचर.
मी शाळेचा जाडा कोश उघडला.
घागर. सुरई. कानाचं भांडं.
त्या दिवसापासून आक्काताई हुबाले झाली घागर
आणि तिचे चेंडू झेलणारी मी, निलोफर मुजावर, चुंबळ.

कवठे महांकाळचा माळ.
बेस म्हणून युरियाची तीन पोती, खडी भरलेली,
चौथ्या जागी शहाबादी फरशीचा तुकडा.
तिथून साठ फूट सहा इंच.
वरचे सहा इंच कशाला, सरांनाही ठाऊक नव्हतं.

शब्द मी तळहातावर शिकले.
सुसाट : नुसता आवाज, कानाजवळून सूं करत जातो,
मागं कुणाच्या तरी बागेत पडतो, शिव्या खातो.
भन्नाट वाऱ्याचा. त्याला झेलता येत नाही.
झपाट्यात कुठंतरी भूत आहे,
तो चेंडू शेवटच्या हातभर अंतरात अंगात येतो.
जलद? अब्बा म्हणाले, फारसीतला, घोड्यावर बसून आलेला.
बाई म्हणाल्या, संस्कृतात जलद म्हणजे ढग.
कवठ्यात तो जलद कधीच जलद आला नाही.

तिचा खांदा शाळूतल्या माळ्यावर घडलेला,
गोफणीनं पाखरं हाणताना.
ती सांगायची, 'धोंडा फेकायचा नस्तो गं,
दोरीचं एक टोक तेवढं इसरायचं.'

आणि वेग.
बाईंनी खडूनं धातू मांडला : विज्.
थरथरणं, दचकून मागं सरणं.
उद्वेग त्याचाच सख्खा भाऊ.
मला पटलं नाही. वेग कुठं घाबरतो?

सांगलीत, जिल्ह्याच्या सामन्यात,
शेवटच्या चेंडूआधी मी तिची बोटं पाहिली.
चेंडूच्या लाल टाक्यांवर थरथरत होती,
पिठाची गिरणी सुरू असताना भिंत थरथरते तशी.
मग ती एक टोक विसरली.

चेंडू मोकाट गेला. मी आडवी पडले,
करंगळीला लागून तो कुंपणापर्यंत पळाला.
हरलो.

मिरजेला डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला :
'मोडलं नाही, पिचलंय.'
'पिचर म्हणजे हे व्हय?' आक्काताई म्हणाली,
आणि दवाखान्यात हसू नये इतकं हसलो.

परत येताना माझं दप्तर तिनं घेतलं
डाव्या खांद्यावर.
उजवा अजून गरम होता.