एक पूर्णांक शून्य दोन

कायानीत जानेवारीचा दिवस तीनलाच मिटतो.
मग ऑफिसात उजेड उरतो तो पडद्याचा.
आइस हॉकीच्या हॉलचं छप्पर मी उभं केलं होतं त्यावर,
चोवीस मीटरचे ट्रस, सहा-सहा मीटरवर,
सगळं हिरवंगार.
एकच तिरपा दांडा तांबडा:
एक पूर्णांक शून्य दोन.

व्हुओक्को हिएताहार्यू आली,
पायात लोकरीचे मोजे, चष्मा कपाळावर.
पडद्याकडे पाठ करून बसली
आणि राईच्या पावाच्या पुडक्यावर लिहू लागली.
बर्फ अडीच, छपराचं स्वतःचं अर्धा, झाले तीन.
सहाने गुण, अठरा.
चोवीसचा वर्ग पाचशे शहात्तर,
अठरापट कर, आठाने भाग,
बाराशे शहाण्णव.
ट्रसची उंची दोन मीटर, म्हणून निम्मे:
सहाशे अठ्ठेचाळीस.
"तुझं यंत्र काय म्हणतं?"
सहाशे एकसष्ट.
"म्हणजे शुद्धीवर आहे.
आता त्याच्याशी भांडता येईल."

तांबड्या दांड्यावर तिने बोट ठेवलं.
याची दोन्ही टोकं जाड पट्ट्यांना वेल्ड केलेली,
तू मात्र बिजागऱ्या धरल्यास.
वाकायच्या बाबतीत हा तुझ्या हिशेबापेक्षा आखूड आहे.
राहू दे.
मी म्हटलं, पण तांबडा आहे.
"तांबडं रंगाचं नाव आहे," ती म्हणाली,
आणि पुडक्यातला पाव मोडून खाऊ लागली.

मग थांबली ती हिरव्यापाशी.
कपडे बदलायच्या खोल्यांचं बुटकं छप्पर,
मोठ्या भिंतीला टेकलेलं,
शून्य पूर्णांक एकाहत्तर.
मी तिथे दुसऱ्यांदा पाहिलंसुद्धा नव्हतं.
"बूट घाल," ती म्हणाली.

खाली सायकलींच्या शेडवर
तळ्याकडचा वारा रात्रभर राबला होता.
बाहेरच्या कडेला बर्फ घोट्याएवढा,
भिंतीलगत माझ्या छातीला लागत होता.
तिने फावड्याचा दांडा उभा खुपसला,
अंगठ्याने खूण केली, माझ्या हाती दिला.
"बर्फ सगळीकडे सारखा पसरतो,
हे तुला कुणी सांगितलं?"
कुणीच नाही.
मी एका चौकटीत एक आकडा भरला होता,
आणि यंत्राने माझीच री ओढली होती.

वर आल्यावर जोडाचं चित्र
तिने खऱ्या मापात छापून घेतलं, टेबलावर अंथरलं.
खणातून चोवीसचा पाना काढला,
कागदावरच्या बोल्टला लावला, फिरवू गेली.
पाना तुळईच्या कडेवर आपटला.
साठ अंश तरी फिरायला हवा,
हा वीसमध्येच अडला.
"कागदावर बोल्ट आपोआप आवळले जातात.
तिथे मात्र याल्मारी असेल,
उणे बावीसमध्ये, पाळण्यात उभा, जाड हातमोज्यात,
आणि तो तुला जे म्हणेल
ते मी या टेबलाशी म्हणणार नाही."
बोल्ट चाळीस मिलिमीटर सरकवले मी.
मग पट्टी वाढली, तिच्यामागे वेल्ड वाढला,
रात्रीचे नऊ वाजले.

निघताना विचारलं,
तुमचं कधी चुकलं होतं का?
तिने कप धुतला.
पुसला.
उलटा ठेवला.
"एक गोदाम होतं.
आत कुणी नव्हतं."
याहून जास्त ती कधी बोलली नाही,
मीही विचारलं नाही.

त्या हॉलमध्ये माझी मुलगी आता गोलरक्षक आहे.
लोक बर्फावरची चकती बघतात,
मी वर बघत बसतो.
तो दांडा तिथेच आहे,
डावीकडून तिसऱ्या ट्रसमध्ये,
इतरांसारखाच करडा रंगवलेला.

व्हुओक्को निवृत्त झाली, पाना माझ्याकडे राहिला.
काल नव्या मुलीने, सोइंतूने, तो उचलला,
कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय का, विचारलं.
तिच्या पडद्यावर सगळं हिरवं होतं.
बाहेर दोन दिवस वारा होता.

मी फावडं घेतलं.
म्हटलं, बूट घाल.