आडवी सायकल

मंगळवारी नऊला सीट्स्के आली,
केसांत अजून समुद्राच्या बांधावरचं वारं.
बस चुकली म्हणाली, मग चालतच; दोनदा थांबले,
एकदा मेंढ्या बघायच्या निमित्तानं.
निमित्तं तिच्याकडे पुष्कळ.
बुटाची नाडी हे सगळ्यांत जुनं.

वय चौतीस. हृदयात कामाचा कप्पा एकच.
फुप्फुसांकडे रक्त ढकलायला कुणी नाही,
ते आपलं आपण जातं, वाट मोकळी असेल तर.
आमच्या या सपाट मुलुखात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं,
पाणी वर चढवायचं तर पवनचक्की लागते, पंप लागतो.
तिच्या त्या बाजूला पंप नाही.
नुसता कालवा.

आधी उभ्या सायकलवर.
तोंडावर मुखवटा, छातीला तारा,
दर मिनिटाला मी ओझं वाढवतो
आणि आवाजात उगाच उत्साह आणतो.
नव्वद वॉट.
ओठांवर शाई उतरली. हात वर. थांबलो.

सँडविच, डुलकी, आणि दुपारी तिला आडवं केलं.
पाठ गादीला, पावलं वर पायडलांत.
छत बघत म्हणाली, वीबे, तिथे कोळी आहे,
कुणी झाडत नाही का इथं?

माझा स्वतःचा आकडा आडवं झालं की पडतो,
करून पाहिलंय; मांड्या वैतागतात,
जोर कशावर टेकवावा तेच कळत नाही.
तिचा पडला नाही.
पुन्हा नव्वद, आणि ठोक्यामागे रक्त जरा जास्तच.
पायांतलं रक्त घरी परतत होतं
जिना न चढता.

एवढं मी रकान्यात लिहिलं.
बाकीचं तिनं मोजे चढवताना सांगितलं:
कालवा गोठला की सगळी पोरं
कमरेत वाकून, हात पाठीशी, सूं करत जायची.
मी घसरगाडीवर उताणी, दोरी योरितच्या हातात.
मला पोरं दिसायचीच नाहीत,
नुसतं आभाळ पळायचं.
मला वाटायचं, सगळ्यांत जोरात मीच.

आता बर्फ धरतंय कुठे, मी म्हणालो.
तिनं विचारलं, अशी आडवी सायकल, रस्त्यावरची,
केवढ्याला पडते?
मी किंमत सांगितली.
ती हसली, मग खोकली, मग परत हसली.

दाराशी नाडी बांधायला खाली बसली,
बराच वेळ.
खरंच सुटली होती का,
मी पाहिलं नाही.