इतर

तुर्भ्याला, एका शेडच्या वरच्या मजल्यावर
माझ्या टेबलावर रोज सांधे येतात.
खोक्यातून, निर्जंतुक, दुहेरी पिशवीत.
गुडघे डावे, गुडघे उजवे,
खुब्याच्या वाट्या.

एक कंपनी वाटीला कप म्हणते, दुसरी शेल,
तिसरीच्या यादीत ती नुसती एम-४४-पी.
आणि साइज तीन
प्रत्येकीची वेगळी, चपलांसारखी.

मला सांगितलंय, सगळ्यांची एकच यादी करा.
कुठला सांधा, कुठला भाग, कुठला धातू,
सिमेंटने बसतो की हाडच त्याला धरतं,
किती मिलिमीटर.
कंपनीचं लाडाचं नाव शेवटच्या रकान्यात.

आठ महिने झाले.
‘इतर’मध्ये अजून चारशे बारा वस्तू पडून आहेत.
‘इतर’ हा आळशाचा रकाना, म्हणतात खांबेटे मॅडम
आणि जाता जाता स्वतःच दोन टाकून जातात.

मंगळवारी हसुराम मढवी आले, घणसोलीहून.
लिफ्ट बंद. चांगला पाय आधी, मग दुसरा,
असे तीन जिने.
गुडघा अकरा वर्षांचा, आता वाजतो.
डॉक्टर म्हणतात, आतलं प्लास्टिक तेवढं बदलू,
पण कुणाचं, कुठल्या मापाचं?
ते हॉस्पिटल राहिलं नाही, तिथे टाइल्स मिळतात.
फाइलीतल्या स्टिकरची शाई उडालेली.
बिलावर उरलंय: गुडघा, इंपोर्टेड, नग एक.

मी समजावू लागले, त्यांनी हात वर केला.
“बाय, मी टर्नर होतो. एकोणतीस वर्षं.
एक मशीन इंग्लंडची, एक जर्मनीची.
हिचा नट तिच्या बोल्टवर दोन आटे चढतो,
आपल्याला वाटतं, बसला.
तिसऱ्याला अडतो.
जोर केलास की दोन्ही गेले.
म्हणून आम्ही रंग लावायचो. हिचा लाल, तिचा पिवळा.
माझ्या गुडघ्याला कोणता रंग, तेवढं बघ.”

पाणीसुद्धा न पिता गेले. उतरताना
दुखरा पाय आधी.

सगळे घरी गेल्यावर मी एक्सरे खिडकीला लावला.
मागे खाणीने खाल्लेला डोंगर,
त्याच्या कडेवर त्यांचा गुडघा, पांढराशुभ्र.
खालच्या खुंटीला दोन छोटे पंख.
पंखांची खुंटी पाच जणींकडे आहे, हे मला पाठ,
पण यादीत पंखांना जागाच नव्हती,
कुणी विचारलंच नव्हतं.

मी एक रकाना वाढवला.
आता चारशे बारा खोकी पुन्हा उघडायची.
खांबेटे मॅडम उद्या ओरडतील.