आवाज बंद करून

नवतपाच्या तिसऱ्या दिवशी कूलरची मोटर
घुर्र करून थांबली.
मी आधी फोनला विचारलं.

फोनमध्ये एक माणूस होता. गोड.
इस्त्रीचा शर्ट, मागे टांगलेली हत्यारं
उंचीच्या क्रमानं, प्रार्थनेला उभ्या पोरांसारखी.
"फक्त दोन मिनिटं," तो म्हणाला, "आणि मेकॅनिकला विसरा."
नऊ लाख लोकांनी त्याच्यापुढे मान डोलावली होती.
मीही डोलावली. कपॅसिटर बदलला.
मोटर फिरली, उलटी,
आणि मग तो वास आला
जो आला की घरात कुणीच काही विचारत नाही.

गोळीबार चौकातून आत, दोन वळणं.
यशवंता हेडाऊचं दुकान म्हणजे एक दार आणि अर्धा माणूस,
उरलेला अर्धा तांब्याच्या तारांत.
पाटी नाही. कुणी तारे दिलेले नाहीत.
भिंतीवर खडूनं लिहिलेली फक्त लोकांची उधारी.
मनात आलं, याचं तरी काय खरं?
बोटं काळी म्हणजे माणूस अस्सल,
हाही एक व्हिडिओच की,
आपल्या डोक्यात कधीचा चालू असलेला.

त्यानं मोटर आधी हुंगली.
मग शाफ्ट हातानं फिरवत, पेचकसाचं टोक तिच्या अंगाला लावून
मूठ कानाशी धरली.
"वायंडिंग गेलं. ते दिसतेच.
पण बुश अगोदर गेला का मागून,
ते मले नाही सांगता येत. खोलल्यावर सांगतो.
तवाबी नक्की नाही."

एवढं नाही-नाही ऐकून
त्या उकाड्यातही बरं वाटलं.

तेवढ्यात दिसला, वॉर्निशच्या डब्याला टेकवलेला त्याचा फोन.
आत तोच, इस्त्रीवाला,
तोंड हलतंय, आवाज नाही.
"तुम्हीही पाहता?"
"पायतो ना जी. रोज.
नव्या मोटरी येऊन राहिल्या, मले कोन शिकवते?
पन आवाज बंद करून. हात पायतो त्याचे.
हाताले गोड बोलता येत नाही."
जरा थांबला.
"हात बरे आहेत याचे.
फक्त याचा स्क्रू कधीच अडकत नाही."
आणि माझ्या मोटरीचा, आमच्या बोअरच्या पाण्यानं खाल्लेला स्क्रू
नखानं टोकरून दाखवला.
"हा अर्धा तास खाते.
तो अर्धा तास कापून टाकते थो."

रात्री गच्चीवर, ओल्या चादरीखाली,
मी आवाज बंद करून पाहत बसले.
पेचकस टेकला. स्क्रू निघाला. लगेच.
मागे नेलं. पुन्हा पाहिलं.
टेकला,
निघाला,
आणि त्याच्या अंगठ्यावर एक चिकटपट्टी,
क्षणापूर्वी नसलेली.

कितीतरी वेळ मी त्या पट्टीकडेच पाहत राहिले.
दिवसभरात पहिल्यांदा तो माणूस मला
थोडासा पटला.

शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं,
"झाला का जी कूलर?"
"उद्या," मी म्हटलं.
मग जरा थांबून,
"तवाबी नक्की नाही."